गळती शोधणारे अण्णा

चामराजपेटेतल्या त्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी माझं नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारलं नाही. त्यांनी मला सरळ न्हाणीघरात नेलं, नळ घट्ट बंद केला आणि म्हणाले, "कान लाव."

मी नळाला कान लावला.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाले, "खोली तुझी."

बाकीची चौकशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कॉफी देता देता केली. मी निपाणीचा, वडील नाहीत, आई शाळेतून निवृत्त झालेली, मला नोकरी हेब्बाळच्या एका टेक पार्कात. हेब्बाळ शहराच्या उत्तरेला आणि चामराजपेट जुन्या बाजाराच्या पोटात. रोज एवढा बसचा प्रवास पत्करून इकडे राहायला येणारा मी वेडाच ठरलो असतो, पण आईची अट होती की निदान सुरुवातीला तरी मराठी घरात राहायचं, आणि आमच्या दूरच्या ओळखीतलं मराठी घर हे एवढंच होतं. मराठी म्हणजे तरी कसं? कित्येक पिढ्यांपूर्वी हे लोक इकडे आले. त्यांचं मराठी कन्नडात भिजून मऊ झालेलं. अण्णा मला "मरी" म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो. मग कळलं, मरी म्हणजे पिल्लू, कन्नडातला लाडाचा शब्द, आणि त्यांचं 'सरी' म्हणजे 'ठीक'.

अण्णा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. टाक्या, नळ्या, झडपा, ज्यांच्यातून हवा निसटता कामा नये अशा सगळ्या वस्तू तपासण्याच्या विभागात त्यांची उभी नोकरी गेली. वस्तूत हवा भरायची, ती पाण्यात बुडवायची, नाहीतर तिच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, आणि फुगा येतो का ते बघत बसायचं. फुगा आला की गळती. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, फुगे सुटले नाहीत. सदऱ्याच्या खिशात साबणाच्या पाण्याची लहान बाटली आणि दाढीचा जुना ब्रश घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. गल्लीत कुणाच्या घरी नवा गॅस सिलिंडर आला की अण्णा न बोलावता हजर. कुकरचं झाकण, सायकलची ट्यूब, इस्त्रीवाल्याचा पाण्याचा डबा, काहीही चालायचं. समोरचे शिंपी एकदा वैतागून म्हणाले, "अण्णा, माझ्या घरात काही गळत नाही." त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "गळती आपण होऊन सांगायला येत नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दुसरं त्याहून आवडतं: "नाही दिसली म्हणजे नाही असं नव्हे. अजून नीट बघितलं नाही, असं."

खरं सांगायचं तर त्यांना गळती फारच क्वचित सापडायची. मी तिथं राहिलो त्या काळात त्यांनी पकडलेली खरी गळती एकच, आणि ती त्यांच्याच खिशातल्या बाटलीची होती. सदऱ्यावर भला मोठा ओला डाग घेऊन ते दिवसभर फिरत होते आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लग्नाचं कार्यालय आहे. तिथल्या एका लग्नात पानं मांडलेली असताना अण्णा मुदपाकखान्यात शिरले, शेगड्या बंद करायला लावल्या आणि एकेका नळीला ब्रश फिरवू लागले. सांबार थांबलं, भात थांबला, वरपक्षाची मंडळी पानांवर बसून एकमेकांकडे बघू लागली. काही निघालं नाही. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "काही नव्हतं ना अण्णा, मग?" अण्णा म्हणाले, "काही नव्हतं हे कळायलासुद्धा स्वल्प वेळ द्यायला लागतो." काकू कोपऱ्यात पदराआड तोंड करून बसल्या होत्या. हसत होत्या की लाजेने मान खाली घातली होती ते मला कळलं नाही. त्यांच्या संसारात या दोन गोष्टी नेहमी एकत्रच येत असाव्यात.

अण्णा देवाशी कन्नडात बोलायचे, बायकोशी मराठीत आणि यंत्रांशी इंग्रजीत. मिक्सर अडला की त्याच्या पाठीवर थाप मारून "कम ऑन, माय डिअर फेलो" म्हणत. ऑटोत बसण्याआधी तिन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघत, आणि मनासारखी नसतील तर ऑटो परत पाठवत. चामराजपेटेतले ऑटोवाले त्यांना लांबून पाहिलं की वेग वाढवायचे. डोसा ते मधून खायला सुरुवात करायचे, कडा शेवटी. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "कडेला काही होत नाही. जे होतं ते मध्ये होतं." त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. काकू एकदाच बोलल्या, आणि तेही असं: "यांच्या हातात लहान मूल दिलं असतं तर यांनी त्याला पाण्यात बुडवून बघितलं असतं." बोलून झाल्यावर त्या उगाच डबे पुसत बसल्या.

मी उंच आणि काटकुळा. अशा माणसांना होतं म्हणे ते. एका सकाळी आरशासमोर केस विंचरत होतो. उजव्या खांद्याखाली कुणीतरी सुई खुपसल्यासारखं झालं आणि श्वास अर्ध्यावरच अडला. आत घ्यायला जावं तर जागाच नाही. मी भिंत धरून जिना उतरलो. काकूंना वाटलं वात धरलाय, त्या ओवा शोधायला धावल्या. अण्णांनी माझ्या छातीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि पांढरेफटक पडून म्हणाले, "हार्ट."

हार्ट नव्हतं. पण त्या दिवशी अण्णा रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि जो पहिला ऑटो आला त्यात मला घालून, त्याच्या चाकांकडे न बघता दवाखान्यात घेऊन गेले. वाटभर त्यांनी माझा हात सोडला नाही. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरला "मेल्लगे, मेल्लगे" म्हणजे हळू, हळू म्हणत होते, आणि लगेच पुढच्या श्वासाला "लवकर चल" म्हणत होते.

एक्स-रे बघून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उजवं फुफ्फुस आतल्या आत बसलंय. त्याच्या टोकाला पातळ फोडासारखा भाग असतो काहींना, तो फुटतो, हवा फुफ्फुसातून निसटून बाहेरच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुसालाच दाबून टाकते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हुबळीकडच्या. आमची भाषा ऐकून मराठीत दोन-चार शब्द बोलायच्या. अण्णांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पंक्चर?"

बाई हसल्या. "तसंच समजा अंकल."

त्या हसल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. त्या एका शब्दाने माझा आजार अण्णांच्या खात्यातला झाला.

बरगड्यांच्या मधून छातीत नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. साठलेली हवा नळीतून येऊन पाण्यात बुडबुडे काढत बाहेर पडायची, आणि पाण्यामुळे बाहेरची हवा आत शिरू शकायची नाही. मी दुखण्याने डोळे मिटून पडलेलो. शेजारी काही हालचाल होईना म्हणून पाहिलं, तर अण्णा फरशीवर उकिडवे बसून त्या बाटलीकडे बघत होते. देवळातली आरती चालू असताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मरी," ते म्हणाले, "आयुष्यभर मी हेच केलं बघ. नळी पाण्यात बुडवायची आणि फुगे बघायचे. इथं माणसाला करतात हे मला माहीतच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आई निपाणीहून आली. रात्री ती माझ्याजवळ थांबायची, सकाळी काकूंकडे जाऊन अंघोळ-जेवण करून यायची. दिवसभर अण्णा. येणाऱ्या जाणाऱ्याला ते माझी बाटली दाखवायचे. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्यांनी दट्ट्या, झडप, दाब सगळं समजावून सांगितलं. मी खोकलो की किती फुगे आले, हसलो की किती आले, यावर त्यांची मतं तयार झाली. ती मतं ते डॉक्टरीणबाईंना ऐकवायचे आणि बाई मान हलवून, "बरोबर, पण यात असं नसतं अंकल," म्हणायच्या. बहुतेक वेळा अण्णांचं चुकलेलं असायचं. फुगे बंद होत नव्हते. म्हणजे फुफ्फुसाला पडलेलं भोक बुजत नव्हतं. पण अण्णांचं ठाम मत झालं की फुफ्फुस ठीक आहे, गळती बाटलीच्या झाकणाशी आहे. सिस्टरने त्यांना दोनदा बजावलं, "अंकल, मुट्टबेडी." हात लावू नका. "बाटली कायम खालीच राहिली पाहिजे. छातीच्या वर कधी नाही."

"सरी सिस्टर, सरी," अण्णा म्हणाले.

मला त्यांचा राग येत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्या वॉर्डात सगळे माझ्याकडे काळजीने बघत होते. एकटे अण्णा उत्साहाने बघत होते. मला त्याचा आधार वाटायचा. ज्या गोष्टीत एवढी गंमत आहे ती गोष्ट माणसाला मारणार नाही, असं काहीतरी मनात असेल.

मग ती दुपार आली. आई जेवायला गेली होती. मला एक्स-रेला न्यायचं होतं, चाकांची खुर्ची आणायला माणूस गेला होता, मी खाटेच्या कडेला पाय सोडून बसलो होतो. अण्णांनी बाटली उचलली. आधी ती बरोबर न्यायचीच होती, म्हणून उचलली. मग ते खिडकीकडे वळले आणि झाकण उजेडात नीट दिसावं म्हणून बाटली डोळ्यांच्या उंचीवर धरली. मी बसलेलो, ते उभे. बाटली माझ्या छातीच्या कितीतरी वर. बाटलीत पाण्याबरोबर माझ्या छातीतून आलेलं लालसर पाणीही होतं. ते नळीतून उलटं माझ्याकडे येताना मी पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. पण त्यांना ते एकदम कळलं नाही. क्षणभर ते कौतुकानेच बघत होते. मला खोकल्याची उबळ आली.

सिस्टर आली. ती ओरडली नाही. तिने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली, खाली ठेवली, नळीला चिमटा लावला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. तिने आरडाओरडा केला असता तर अण्णांनी उलट उत्तर दिलं असतं आणि प्रकरण तिथंच मिटून गेलं असतं. ती बोलली नाही. अण्णांचे हात बाटली धरल्यासारखे तसेच वर राहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी बाटली बदलली, तपासलं, "बघू या" म्हणाल्या. दोन दिवसांनी मला थंडी वाजून ताप भरला. नळीतून पू येऊ लागला. पहिली नळी काढून दुसरीकडे दुसरी घातली. छातीच्या कातडीखाली हवा पसरून गळा आणि गाल फुगले, बोट लावलं की पापड मोडल्यासारखं आतून कुरकुरायचं. शेवटी ऑपरेशन करावं लागलं. आत साफ केलं, फुटलेला भाग शिवला. त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. छताचा पंखा आठवतो, आणि श्वास नावाची गोष्ट स्वतः मोजूनमापून करावी लागते हे आठवतं.

आईला सिस्टरकडून बाटलीचं कळलं. ती मुळात मऊ बाई. आयुष्यात तिने कुणाला टाकून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण मला ऑपरेशनला नेलं तेव्हा दाराशी अण्णा उभे होते. आई त्यांना म्हणाली, "तुमची तपासणी झाली असेल तर माझ्या पोराला आता सोडा."

अण्णा म्हणाले, "हो अक्का."

एवढंच. त्यानंतर ते वॉर्डात आले नाहीत. काकू सांगायच्या की ते रोज सकाळी निघतात, खाली लिफ्टजवळच्या बाकावर बसतात आणि संध्याकाळी घरी येतात. आई येताजाता त्यांच्यासमोरून जायची. पहिले काही दिवस तिने मान फिरवली. पुढे माझा ताप उतरला तसा तिचाही उतरला. एकदा ती थांबून म्हणाली, "अण्णा, वर चला. तो विचारतोय तुम्हाला." अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि बसूनच राहिले. आई वर आली ती रडत. "मी काय बोलून बसले रे," म्हणाली. "जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं. नळी इतके दिवस छातीत राहिली की जंतू शिरायचा धोका असतोच. बाटली वर गेली ते चुकलंच, तसं व्हायला नको होतं. पण जंतू त्यामुळेच शिरले की आधीच शिरले होते, हे त्या सांगू शकत नव्हत्या. "कुणीच सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा मला जिना चढवत नव्हता. काकूंनी आधीच ठरवून टाकलं होतं की मी खाली त्यांच्या पुढच्या खोलीत राहायचं. आई आणि मी खाली, काकू स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, आणि अण्णा आपली वळकटी घेऊन वर माझ्या खोलीत. जागेची सोय म्हणून केलंय असं सगळे म्हणत होते. खाली त्यांना जागा नव्हती असं नाही. सकाळी मी उठायच्या आत ते बाहेर पडलेले असायचे. दुपारी काकू ताट वर न्यायच्या. छतावर त्यांच्या पावलांचा आवाज यायचा, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत.

बरं होणं हे आजारी पडण्यापेक्षा कंटाळवाणं असतं. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालायला आई लागायची. कुशीवर एक पट्टा कायमचा बधिर झाला होता, आणि त्याच्या जरा खाली आग व्हायची. शिंक आली की मी दोन्ही हातांनी छाती धरायचो, आता पुन्हा फाटणार म्हणून. श्वासाच्या व्यायामाला एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून हवा ओढायची आणि तीन चेंडू वर उचलायचे. सुरुवातीला एकच चेंडू जेमतेम थरथरायचा. एरवी असलं यंत्र घरात आलं असतं तर अण्णांनी ते माझ्या हातात राहू दिलं नसतं. सगळ्या गल्लीला त्यांनी चेंडू उचलायला लावले असते.

एका दुपारी ते जिना उतरत असताना मी मुद्दाम हाक मारली. "अण्णा, हे बघा. दोन चेंडू जातायत आज."

ते दारात थांबले. आत आले नाहीत. मी ओढून दाखवलं. दोन चेंडू वर गेले, तिसरा हलला.

"तिसरा का जात नाही?" मी विचारलं. त्यांना काहीतरी बोलायला मिळावं म्हणून विचारलं. "यंत्रातच काही गडबड असेल काय?"

पूर्वीच्या अण्णांना एवढं पुरलं असतं. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई सांगतील तसं कर मरी. मला त्यातलं काय कळत नाही." आणि चपला घालून गेले.

गल्लीला आधी बरंच वाटलं असणार. कुणी न बोलावता घरात शिरत नव्हतं, कुणाची शेगडी बंद करत नव्हतं. मग हळूहळू लोकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. समोरचे शिंपी स्वतःच एकदा कुकर घेऊन आले. "शिट्टीतून वाफ जातेय अण्णा, बघता काय?" त्यांच्या कुकरला काही झालेलं नव्हतं. त्यांच्या बायकोनेच काकूंना तसं सांगितलं. अण्णा दारातूनच म्हणाले, "कंपनीच्या माणसाला बोलवा." शिंप्यांनी कुकर काखेत मारला. मग त्यांनी शाळेत नापास झालेल्या मुलाच्या बापाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

मी पूर्ण बरा झालो. आई निपाणीला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने अण्णांना आवडतात म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या आणि ताट स्वतः वर नेलं. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. खाली आल्यावर एवढंच म्हणाली, "मी माफी मागितली तर ते उलट माझ्याच पाया पडायला लागले. असं कसं माणूस?"

शेवटच्या तपासणीला मी अण्णांना बरोबर नेलं. एकट्याला बस झेपणार नाही असं खोटं सांगितलं. ते बाहेरच बसणार होते. मी हाताला धरून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर लावला. फुफ्फुस पूर्ण भरून आलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, यांना जरा सांगा. बाटलीमुळे झालं असं यांनी धरून ठेवलंय."

बाईंनी काम बाजूला ठेवलं आणि कन्नडात, सावकाश, बापाला समजवावं तसं सांगितलं. नळी आत असली की इन्फेक्शन कशानेही होऊ शकतं. तुम्ही त्याला वेळेवर आणलंत, ती गोष्ट मोठी आहे. उशीर झाला असता तर आज इथं बसून बोलत नसतो. अण्णांनी सगळं ऐकलं. हात जोडून "थँक्यू मॅडम" म्हणाले. मला वाटलं, झालं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा मी बाहेर आलो.

आम्ही ऑटोने निघालो. मार्केटजवळ गर्दीत अडकलो. फुलवाल्यांची, हमालांची ओरड चालली होती. त्या आवाजात ते म्हणाले, "बाई फार चांगल्या आहेत."

"मग पटलं ना तुम्हाला?"

"चांगल्या आहेत, म्हणून तसं म्हणाल्या," अण्णा म्हणाले.

मी पुष्कळ बोललो. तेच तेच उलटसुलट करून सांगितलं. ते मान हलवत राहिले, जशी ते लहान मुलाच्या बोलण्याला हलवत. घर आल्यावर मला उतरायला हात दिला. मला त्या हाताची गरज नव्हती, पण मी धरला.

नंतर कंपनीजवळ राहणं सोयीचं झालं. लग्नही झालं. हेब्बाळच्या तळ्याच्या बाजूला घर घेतलं. बायकोला घेऊन चामराजपेटेला जायचो. काकू आनंदाने काय काय करायच्या. अण्णा मला न्याहाळायचे. बसस्टॉपवरून चालत आलो की माझ्या छातीकडे बघायचे, मग तोंडाकडे, आणि विचारायचे, "दमलास काय?" मी नाही म्हणायचो. ते "सरी" म्हणायचे. एखाद्याने ओळखीच्या भाषेत परक्या गोष्टी बोलाव्यात तसं आमचं बोलणं व्हायचं, पाऊस, भाडेकरू, मेट्रोची खोदाई. मला ज्या माणसाने नळाला कान लावायला सांगितलं होतं तो माणूस मला परत भेटला नाही. समोर असून भेटला नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आनेकलला काकूंचा भाचा राहतो, त्याचा फोन आला, तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. न्यूमोनिया झाला होता. आठवडाभर दवाखान्यात होते. आठवडाभर मी याच शहरात होतो, रोज ऑफिसला जात होतो. मी भाच्याला विचारलं, "मला का नाही कळवलं?" तो अवघडला. म्हणाला, अण्णांनी सक्त ताकीद दिली होती. दवाखान्यात नाना रोगांची हवा असते, त्याला इकडे येऊ द्यायचं नाही. काकूंनी दोनदा फोन हातात घेतला, दोन्ही वेळा त्यांनी खुणेने ठेवायला लावला. शेवटी त्यांनाच श्वास पुरत नव्हता. बोलणं खुणांवर आलं होतं.

तेराव्याला गेलो. घरात मावेनात इतकी माणसं. आनेकलचे, तुमकूरकडचे, चामराजपेटेतले जुने. यातल्या बहुतेकांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मागच्या अंगणात जेवणाची तयारी चालली होती. भाताचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवून आत आणायचं होतं, आणि एका बाजूला माणूस कमी पडत होता. मी बाह्या सरसावल्या आणि कडी धरायला वाकलो.

एक म्हातारी बाई झटकन पुढे आली. मी तिला ओळखत नव्हतो. तिने माझं मनगट धरलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही ते वरच्या खोलीतले ना, छातीचं ऑपरेशन झालेले?"

"हो. पण ते जुनं झालं अक्का. मी बरा आहे आता."

"असेल की. पण अण्णांनी आम्हा सगळ्यांना सांगून ठेवलंय. कधी घरात काही कार्य निघालं आणि तो आला, तर त्याला जड उचलू द्यायचं नाही." तिने वळून आत हाक दिली, "एक खुर्ची आणा रे इकडं."

खुर्ची आली. ज्यांनी आणली त्यांनाही माहीत असावं, कारण कुणी काही विचारलं नाही. पातेलं दुसऱ्या कुणीतरी धरलं. मी बरा आहे हे ज्याला पटवायचं होतं तो माणूस राहिला नव्हता, आणि बाकीच्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी खुर्चीवर बसलो. हात मांडीवर ठेवून, अण्णांच्या घरचं जेवण माझ्यासमोरून एकेक भांडं करत आत जात होतं, ते बघत राहिलो.